पेशी कोलेस्टेरॉल मोजते तरी कुठे?

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर छापलेला कोलेस्टेरॉलचा आकडा रक्तातला असतो. पेशीला त्या आकड्याशी देणंघेणं नाही. तिला सांभाळायचं असतं स्वतःच्या पटलांमधलं, म्हणजे तिच्याभोवतीच्या आणि आतल्या पातळ पडद्यांमधलं प्रमाण. ते कमी पडलं तर पटल कमकुवत होतं आणि फार वाढलं तर पेशीच्या जिवावर बेततं. त्यात कोलेस्टेरॉलचा चार कड्यांचा सांगाडा फोडून जाळून टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही. म्हणून हिशेब आधीच चोख ठेवावा लागतो.

पेशीतलं बहुतांश कोलेस्टेरॉल बाहेरच्या पटलात असतं. मोजणी मात्र आतल्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आत पसरलेल्या पटलांच्या जाळ्यात होते, जिथे एकूण साठ्याचा अगदी छोटा हिस्सा असतो. मला यातली हुशारी फार भावते. भरलेल्या साठ्यात थोडी घट झाली तर कळतही नाही, पण जिथे मुळातच थोडं आहे तिथे ती लगेच जाणवते.

या जालिकेच्या पटलात एसआरईबीपी नावाचं प्रथिन रोवलेलं असतं. त्याचा एक तुकडा जनुकं चालू करू शकतो, पण तो पटलाला जखडलेला असतो. त्याच्या जोडीला स्कॅप हे दुसरं प्रथिन असतं. स्कॅपला कोलेस्टेरॉल चिकटलं की त्याचा आकार बदलतो आणि शेजारचं इन्सिग त्याला धरून ठेवतं. ऑक्सिस्टेरॉल, म्हणजे जादा ऑक्सिजन जोडलेले कोलेस्टेरॉलचे भाऊबंद, थेट इन्सिगला चिकटूनही हेच घडवून आणतात. जालिकेतल्या स्निग्ध रेणूंमध्ये कोलेस्टेरॉल साधारण ५ टक्क्यांखाली गेलं की ही पकड सुटते. मग स्कॅप एसआरईबीपीला घेऊन गॉल्गी संकुल या पेशीतल्याच दुसऱ्या भागात जातं. तिथे दोन विकरं एकापाठोपाठ काप घेतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात शिरतो. दिव्याचं बटण दाबावं तशी दोन कामं एकदम सुरू होतात: घरचं कोलेस्टेरॉल बनवणं आणि रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) पकडून आत ओढणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही, बाहेरच्या पटलावर पाठवणं.

यातला ग्राही उमगला तो अमेरिकेत डॅलसला, १९७०च्या दशकात. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी निरोगी माणसांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या. एलडीएल दिलं की त्या स्वतःचं उत्पादन आवरतं घेत. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलाच्या तीव्र रुग्णांच्या पेशींना मात्र एलडीएल देऊनही फरक पडेना. मग कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं, तेव्हा ते थेट आत शिरलं आणि याही पेशींचं उत्पादन थांबलं! म्हणजे आतली मोजणी शाबूत होती, बिघाड होता तो दारातल्या ग्राहीत. या संशोधनासाठी दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीचा परिणामही इथूनच समजतो. ती यकृताच्या पेशीतलं उत्पादन रोखते. जालिकेत टंचाई जाणवते, एसआरईबीपी सुटतं आणि पेशी ग्राही वाढवून रक्तातलं एलडीएल उचलायला लागते. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो मुख्यतः या उचलीमुळे. म्हणूनच ज्यांच्या ग्राहीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांना नुसत्या स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही. ग्राही बनवण्याचा हुकूम सुटतो, पण बनणारा ग्राहीच निकामी असतो.