पाण्याखालचे रीळ: दोरा ठेवण्याची जागा नव्हे, ताण राखण्याचे यंत्र

नौदलातून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आले आणि सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ त्याचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना जाहीर झाली. तेव्हापासून तारकर्लीला स्कूबा शिकून आलेल्या पुण्यातल्या कितीतरी जणांना बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरण्याचे वेध लागले आहेत. बोलण्यात दिवे येतात, सूट येतात, कॅमेरे येतात; परतीच्या वाटेचा दोरा गुंडाळलेले रीळ मात्र शेवटी येते आणि तेही ‘बोहरी आळीतून शंभर मीटर दोरी आणली की झाले’ अशा सुरात. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहीत आहे.

उघड्या समुद्रात अडचण आली तर माणूस वर येऊ शकतो. गुहेत किंवा जहाजात डोक्यावर छत असते आणि तळाशी बारीक गाळ. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटकारा बसला की तो गाळ उठतो, दिव्याचा उजेड त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांवरच येतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो. अशा वेळी अंगठा व तर्जनीच्या कड्यात दोरा धरून, तो चाचपत बाहेर यायचे असते. त्यामुळे दोरा वाट चुकल्यावर काढण्याची वस्तू नाही. तो उघड्या पाण्यात पक्का बांधून, आत शिरताना पहिल्या हातापासून टाकत जायचा असतो. २०१८ मधील थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांची सुटका पुणेकरांना किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी पाणी उपसण्यासाठी केलेल्या मदतीमुळे आठवत असेल. तेथे रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे ब्रिटिश पाणबुडे २ जुलै रोजी मुलांपर्यंत पोहोचले, ते असाच दोरा टाकत टाकत.

आपल्याकडे एखाद्या डोहात माणसे बुडू लागली की ‘तो डोह दरवर्षी बळी घेतो’, ‘तिथे आसरा आहेत’ असे सांगितले जाते. फ्लोरिडातील गुहांबद्दलही लोकांना असेच गूढ भय वाटू शकले असते. पण शेक एक्सले या अमेरिकी पाणबुड्याने गुहेतील अपघातांच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. बाहेरपर्यंत अखंड दोरा नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि फार खोल जाणे, ही कारणे पुन्हा पुन्हा समोर आली. तिन्ही माणसाच्या हातातली आहेत. डोहाला दोष देऊन आपण ती तपासायचीच सोडून देतो.

आता रिळाकडे वळू. गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका तरण तलावात एका मित्राचा सराव मी काठावरून पाहत होतो. डोळ्यांवर काळी पट्टी होती आणि हातात उसने आणलेले रीळ. खांबाशी तो अचानक थांबला, पण रिळाचे चाक थांबले नाही. दोन-तीन वेढे सैल होऊन कडेवरून घसरले, चाक आणि चौकटीमधल्या फटीत शिरले आणि आसाभोवती आवळले गेले. पुढच्या ओढीला रीळ ठप्प झाले. पतंग उडवणाऱ्यांना हे लगेच समजेल: ढील देता देता मांजा अचानक थांबला आणि फिरकी धरणाऱ्याने बोट लावले नाही, तर फिरकी जडत्वाने फिरतच राहते आणि गुंता होतो.

मग ब्रेकचा स्क्रू आवळून चाक थोडे घट्टच का ठेवू नये? येथेच मला सर्वाधिक भावणारे गणित येते. समजा, दोरा २ मिलिमीटर जाडीचा व १०० मीटर लांब आहे. वेढ्यांमधल्या पोकळ्या धरून त्याला साधारण ४०० घन सेंटिमीटर जागा लागते. चाकाची रुंदी ४ सेंटिमीटर आणि मधल्या गाभ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर असेल, तर भरलेल्या रिळाची त्रिज्या सुमारे ६ सेंटिमीटर होते. पाणबुड्या मिनिटाला १५ मीटर वेगाने जात असेल, तर सुरुवातीला चाक मिनिटाला ४० फेरे घेते आणि दोरा संपत आला की १२०. आसाजवळचे घर्षण चाकाला विरोध करते ते आघूर्णाच्या रूपात, आणि आघूर्ण म्हणजे बल गुणिले त्रिज्या. आघूर्ण तेच राहून त्रिज्या एक तृतीयांश झाली, की दोऱ्यावरची ओढ तिप्पट होते. शिवाय हा बदल समान गतीने होत नाही: निम्मा दोरा जाईपर्यंत त्रिज्या ६ वरून जेमतेम साडेचारवर येते आणि उरलेली सगळी घट दुसऱ्या निम्म्यात होते. म्हणजे सुरुवातीला नेमका बसवलेला ब्रेक शेवटी तिप्पट ओढतो, वळणावरचा दोरा सरळ रेषेत ताणून अशा अरुंद भेगेत नेऊन बसवतो जिथून हात जाईल पण माणूस जाणार नाही. आणि शेवटाला नेमका बसवलेला ब्रेक सुरुवातीला ढिला पडून गुंता करतो. एकदा आवळून विसरता येईल असा कोणताही स्क्रू या दोन्ही टोकांना पुरा पडत नाही. सतत जुळवून घेणारा ब्रेक एकच, तो म्हणजे आपले बोट.

म्हणून विकत घेताना मी आधी हे पाहतो की मूठ धरलेल्या हाताचेच बोट, हातमोजा घालूनही, चाकाच्या कडेला टेकते का. चाक व चौकट यांतली फट दोऱ्याच्या जाडीपेक्षा कमी असावी. गुंता झालाच तर तो दिसावा आणि बोटांनी सोडवता यावा, म्हणून चारी बाजूंनी बंद रिळापेक्षा उघडे रीळ मला अधिक भरवशाचे वाटते. रंगीत ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या आणि टायटॅनियमच्या जाहिराती यातले काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा स्क्रू कोणत्या धातूचा आहे हे विचारावे, कारण खाऱ्या पाण्यात स्टीलच्या स्क्रूला लागून असलेले ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रू जागीच अडकून बसतो.

दोरा विणलेल्या नायलॉनचाच हवा. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची सुमारे १.१४ असल्याने तो पाण्यात खाली बसतो. बाजारातली पिवळी-निळी दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. तिची घनता ०.९, त्यामुळे ती ढिली पडताच वर तरंगते आणि फिनला किंवा टाकीच्या व्हॉल्व्हला गुंडाळली जाते. नायलॉन पाणी शोषून फुगतो, म्हणून तो आधी भिजवून मगच गुंडाळावा आणि चाकाची कड थोडी मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या रिळात सैल वेढ्याला अडवायला भिंतच उरत नाही. दर ३ मीटरवर गाठ मारलेली असली की अंधारात अंतर मोजता येते. जहाजात गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर दोरा घासतो, तेथे गुहेपेक्षा जाड दोरा लागतो आणि मग त्याच रिळात लांबी कमी मावते. प्रत्येकाजवळ सुमारे ४५ मीटरचे लहान स्पूलही (दोऱ्याची छोटी चकरी) हवे, कारण मुख्य दोरा हातून सुटला तर तो शोधायला दुसरा लागतो.

स्कूबाच्या प्राथमिक प्रमाणपत्रात छताखाली जाण्याचे शिक्षण नसते. ते वेगळे घ्यावे लागते. त्या वर्गाला जाण्याआधी घरच्या घरी एक चाचणी घेता येईल. रीळ पाण्याच्या टबात बुडवावे, हातमोजे घालून डोळे मिटावेत, कोणाला तरी दोरा ओढायला आणि मध्येच थांबायला सांगावे. गुंता होईल, तो डोळे न उघडता सोडवून पाहावा. सुटलाच नाही, तर रिळाचे चाक फिरणार नाही असे घट्ट करून ते तिथेच कशाला तरी बांधायचे, दोऱ्याला हाताचे कडे घालायचे आणि रीळ मागे सोडून निघायचे, हेही तिथेच करून पाहावे.