हिरव्याचा नंबर का लागत नाही?

लाल, निळा आणि हिरवा अशा तीन रंगांना ६, २ आणि १ अशी वजने दिली आहेत. संगणकाने दर खेपेला एक रंग काढायचा, पण नऊ खेपांत सरासरी सहादा लाल, दोनदा निळा आणि एकदा हिरवा यायला हवा. लाल सहा वेळा, निळा दोनदा, हिरवा एकदा अशी यादी करून त्यातून डोळे मिटून एक उचलला तरी भागते. वजन ०.१३७ असले की मात्र ही युक्ती लंगडी पडते.

म्हणून वजनांची चढती बेरीज करतात: ६, ८, ९. मग ० ते ८ मधला एक यादृच्छिक आकडा घ्यायचा. ६ पेक्षा लहान असला तर लाल, नाहीतर ८ पेक्षा लहान असला तर निळा, उरलेला हिरवा. इथेच माझी एकदा फजिती झाली. ‘पेक्षा लहान’च्या जागी मी ‘लहान किंवा समान’ लिहून बसलो. लालला ० ते ६ असे सात आकडे मिळाले, निळ्याला ७ आणि ८, हिरव्याला काहीच नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालत होता. रंग उलटसुलट येत होतेच की! दहा हजार खेपांची मोजदाद केली तेव्हा हिरव्यापुढे भोपळा दिसला.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या रँडम मॉड्यूलमधले ‘चॉइसेस’ हे फंक्शन (आवृत्ती ३.६, २०१६) हीच चढती बेरीज वापरते आणि तिच्यात बायनरी सर्च करते, म्हणजे दर तुलनेला उरलेली अर्धी यादी वगळत शोधते. दहा लाख नोंदी असल्या तरी साधारण वीस तुलनांत काम होते.

ए. जे. वॉकर यांनी १९७४ मध्ये मांडलेली ‘एलियस’ पद्धत याहून चलाख आहे. सरासरी वजन ३, म्हणून तीन उंचीचे तीन खण करायचे. निळ्याच्या खणात एकाची जागा उरते, हिरव्याच्या खणात दोनाची. दोन्ही लालने भरायच्या. लालचे उरलेले ३ त्याच्या स्वतःच्या खणात नेमके बसतात. आता कुठलाही खण समान शक्यतेने निवडायचा आणि आत कोण ते एका तुलनेत ठरवायचे. नोंदी कितीही असोत, कष्ट तेवढेच.

‘चॉइसेस’ काढलेला रंग परत यादीत टाकते, म्हणून तोच पुन्हा येऊ शकतो. परत न टाकता दोन वेगळे रंग हवे असतील तर प्रत्येक रंगाला ० ते १ मधला यादृच्छिक अपूर्णांक द्यायचा आणि त्याचे वजनाइतके मूळ काढायचे. समजा लालला ०.३ आला: सहावे मूळ ०.८२. निळ्याच्या ०.५ चे वर्गमूळ ०.७१. हिरव्याचा ०.८ तसाच. सर्वांत मोठे दोन घेतले की लाल आणि हिरवा.