दहा मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस

पावसाचा स्तंभालेख दृष्टिहीन मुलांना वाचून दाखवला तर आकडे पाठ होतात, पाऊस कळत नाही. म्हणून आधी पाऊस मोजायला द्यावा, आलेख मागून. सोलापुरात हे सोपं जातं, कारण इथला पाऊसच बेताचा: वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी, आणि सर्वांत ओला महिना सप्टेंबर.

पर्जन्यमापकासाठी तोंडाशी ११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं घेऊन बाटलीवर बसवावं. त्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी भरतं, म्हणून १ मिमी पावसाला १० मिलि पाणी साठतं. बिनसुईची १० मिलिची सिरिंज एकदा भरली की एक मिलिमीटर! हे नेमकं माप मिळालं नाही तर १६ सेंमीचं नरसाळं आणि २० मिलिची सिरिंज ही जोडी चालते. सिरिंजच्या दट्ट्यावर दर २ मिलिला कानशीने खाच पाडावी. नखाला खाच लागली की ०.२ मिमीपर्यंत मोजता येतं. टोकाला सलाईनच्या नळीचा तुकडा लावावा, म्हणजे ती बाटलीच्या तळाला पोचते. पाणी घाईने ओढलं की हवा आत शिरते आणि पाऊस खोटाच वाढतो. तसं झालं तर सिरिंज उभी धरून हवा काढावी आणि पुन्हा भरावी.

नरसाळ्याची कड आडवी आणि जमिनीपासून किमान ३० सेंमी वर हवी, नाहीतर मातीवरचे शिंतोडे आत जातात. भिंतीपासून किंवा झाडापासूनचं अंतर त्यांच्या उंचीच्या दुप्पट ठेवावं. मोजणी रोज सकाळी ८.३० ला करावी. हवामान खात्याची पावसाची नोंदही त्याच वेळची असते, त्यामुळे आकडे पडताळता येतात. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी नरसाळं १.२ मीटर उंच खांबावर बसवावं आणि नळीने पाणी ७० सेंमीवरच्या बाटलीत आणावं. उंचावर वारा जास्त, म्हणून पाऊस थोडा कमी भरतो. ते मुलांना सांगून टाकावं आणि पुढे जावं.

आता मणी. १० मिमीला एक मणी, महिन्याला एक दोरी. शाळेने मोजलेल्या महिन्याच्या दोरीशेजारी त्याच महिन्याच्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीची दोरी टांगावी. एका दोरीवर यंदाचा पाऊस, दुसरीवर हवामान. फरक बोटांना लागतो. दोन्हींचे मणी एकाच मापाचे हवेत. दोरीची लांबी चाचपून तुलना करणारी मुलं मोठ्या मण्यांनी हमखास फसतात. ८ मिमीचे मणी घेतले तर सोलापूरचा अख्खा वर्षाचा पाऊस साठेक सेंमीत मावतो. महाबळेश्वरचा, म्हणजे साडेपाच हजार मिमीच्या वरचा, चार मीटर ओलांडून बहुधा वर्गाबाहेर जाईल. जाऊ द्यावा.

हा फरक का, ते सांगायला पुठ्ठ्याचे थर चिकटवून किनाऱ्यापासून सोलापूरपर्यंतचा छेद करावा. आडवं माप १ सेंमीला १० किमी, उभं १ सेंमीला २०० मीटर. महाबळेश्वर ७ सेंमीच्या आसपास, सोलापूर अडीचच्या आत. इथे एक गफलत ठरलेली: मुलांना सह्याद्री म्हणजे उभी भिंत वाटते. खरं तर उंची ५० पट फुगवलेली आहे. शेजारी खऱ्या प्रमाणातली पट्टी ठेवावी. तीत महाबळेश्वर दीड मिलिमीटरही भरत नाही. पाऊस एवढ्याशा उंचवट्याने पडतो, कारण दमट वारा वर चढताना थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. पलीकडे उतरणारा वारा तापतो आणि कोरडा पडतो.

आर्द्रतेला बोलते तापमापक दोन लागतात, एकाच्या टोकाला ओली मलमल. टॉवेलचा तुकडा सोलापुरात पैशाला पासरी, पण इथे तो नको: जाड कापड पाणी धरून ठेवतं आणि तापमान उतरायला फार वेळ लागतो. बोअरचं पाणीही टाळावं, क्षार साठून कापड कडक होतं आणि वाचन चढं येतं. पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं ठेवून दोन्ही आकडे ऐकावेत. मेमध्ये कोरडा ४० आणि ओला २२ अंश आला तर आर्द्रता सुमारे २० टक्के. ऑगस्टमध्ये २८ आणि २४ आला तर सत्तरीच्या थोडी वर. तापमान हाताने ठरवू देऊ नये. सावलीतली लोखंडी सळई आणि लाकूड एकाच तापमानाला असली तरी, हवा हातापेक्षा थंड असताना, सळई गार लागते, कारण ती हाताची उष्णता लवकर ओढते.

एप्रिल-मेच्या वळवात वीज दिसत नसेल तर ऐकता येते. मध्यम लहरींच्या रेडिओवर दोन केंद्रांमधली रिकामी जागा लावावी. वीज पडते त्याच क्षणी कर्रकन आवाज होतो. तिथून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागले की किलोमीटर. प्रत्येक कर्रनंतर गडगडाट येईलच असं नाही, कारण रेडिओला शेकडो किलोमीटरवरचीही वीज ऐकू येते, कानाला जेमतेम पंधरा-वीसवरची. कर्णबधिर मुलांचं उलटं: वीज दिसते, गडगडाट नाही. त्यांच्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवावं. मोजणी खोलीच्या आतूनच करावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही पर्जन्यमापकाकडे पाठवू नये.