कंबर १०८ मिलिमीटर

स्कीवर कुठेतरी तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ १३६-१०८-१२४. पहिला टोकाकडच्या सर्वांत रुंद भागाचा, शेवटचा शेपटाचा आणि मधला कंबरेचा, म्हणजे बूट बसतो तिथला. सगळे मिलिमीटरमध्ये. पावडरसाठी, म्हणजे ताज्या, भुसभुशीत हिमासाठी स्की घ्यायला निघालेल्या माणसाची नजर या मधल्या आकड्यावरून हलत नाही. जितकी कंबर रुंद तितकं चांगलं, असा साधा हिशेब. लिफ्टने वर जाणाऱ्याला तो एक वेळ परवडतो. स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मग उतरणाऱ्याला मात्र महागात पडतो.

मुळात रुंदीने होतं काय? ताजं, कोरडं हिम म्हणजे बहुतेक हवाच. एक घनमीटर पाणी १००० किलो भरतं, तर असं हिम ५० ते १०० किलो. त्यात नुसता बूट टाकला की पाय मांडीपर्यंत आत जातो. समजा माणूस, कपडे, पाठपिशवी मिळून ९० किलो. हे सगळं एका बुटावर आलं, तर तळव्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास ४०० ग्रॅम भार पडतो. आता १८० सेंटिमीटर लांबीच्या, ८५ कंबरेच्या दोन स्की घाला: भार २५ ग्रॅमवर येतो. १०८ कंबरेच्या घाला: २१. आणि ११८ च्या? १९.

म्हणजे खरी उडी बुटावरून स्कीवर येताना पडते. त्यापुढे रुंदी वाढवून हाती लागतात ते चार-सहा ग्रॅम. शिवाय या गणितात माणसाचं वजन आहे, ते कुणी विचारतच नाही. सामानासह ६५ किलो भरणारी व्यक्ती १७० सेंटिमीटर लांब, ९५ कंबरेच्या स्कीवर उभी राहिली, तर भार १७-१८ ग्रॅमच होतो. नव्वद किलोवाल्याला ११८ वर जे मिळत नाही, ते तिला ९५ वरच मिळालं.

मग रुंद स्कीवर उतरताना इतका फरक का जाणवतो? कारण स्की हिमावर तरंगते ती लाकूड पाण्यावर तरंगतं तशी नव्हे. उभं राहिलात तर खालचे कण दाबले जातात, एकमेकांना टेकतात आणि थर पुरेसा घट्ट झाला की बुडणं थांबतं. पण स्की वेगात असली की दर क्षणी नव्या हिमावर चढते, ते खाली-पुढे ढकलते आणि त्या बदल्यात वर उचलली जाते. वेग दुप्पट झाला की हा उचल देणारा जोर ढोबळमानाने चौपट होतो. इथे कंबरेपेक्षा टोक महत्त्वाचं. ते हिमात घुसतं की हिमावर चढतं?

हे शेन मॅकॉन्की या स्कीपटूने ओळखलं. त्याने चक्क पाण्यावरच्या स्कींना बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी पकड) बसवून अलास्काच्या उतारावर स्कीइंग करून पाहिलं. त्याच विचारातून २००२ च्या सुमारास वोलंट कंपनीची ‘स्पॅट्युला’ आली: मध्ये सर्वांत रुंद, दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे तोवरच्या स्कीच्या बरोबर उलटी. घट्ट हिमावर ती त्रासदायकच होती, पण टोक आधीपासून वर उचलायचं, म्हणजे ‘रॉकर’ द्यायचा, ही कल्पना टिकली. आज बहुतेक पावडर स्कींना पुढे रॉकर आणि पायाखाली थोडी कमान असते. दुकानात दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि मध्ये दाबा. टोकाच्या किती आधी त्या एकमेकींपासून सुटतात ते पाहा. छापलेल्या आकड्यापेक्षा ही फट जास्त सांगते.

आता चढ. अल्ताई पर्वतातले लोक रुंद लाकडी स्कीच्या तळाला घोड्याचं कातडं लावत आले आहेत. केसांची दिशा मागे, त्यामुळे पुढे सरकतं आणि मागे अडतं. चढताना तळाला चिकटवायची आपली पट्टी, म्हणजे ‘स्किन’, हेच करते, फक्त केस मोहेअर (अंगोरा शेळीची लोकर) किंवा नायलॉनचे. हजार मीटर चढायला तीन तास लागतात, उतरायला थांबत-थांबत अर्धा तास. एका पावलाला १४ सेंटिमीटर उंची धरली तर सात हजार पावलं, प्रत्येक पायाची साडेतीन हजार. स्की ३०० ग्रॅमने जड असेल, तर एका पायाने दिवसभरात एक टनाहून जास्त फाजील वजन हलवलं. (सराईत माणूस स्की उचलत नाही, सरकवतो. तरी वळणावर पाय फिरवून टाकताना ती उचलावीच लागते आणि तिथेच मांड्या बोलू लागतात.) फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात बुटाला नुसत्या पिनांनी पकडणारं बाइंडिंग काढलं, तेही पायावरचं वजन उतरवायलाच.

रुंदीची दुसरी किंमत सकाळी कळते, आधीच्या चढणाऱ्यांनी पाडलेला माग रात्रभर गोठून काचेसारखा झालेला असतो तेव्हा. आडव्या चालीत सगळा भार वरच्या कडेवर असतो. ८५ च्या स्कीत ती कड पायाच्या मध्यापासून ४२ मिलिमीटरवर, १०८ मध्ये ५४ वर. घोट्याला पिळणारी तरफ सव्वापट लांब झाली.

माझं मत विचाराल तर फक्त पावडरसाठी ठेवायच्या स्कीची कंबर १०० ते १०८, आणि हलक्या अंगाच्या माणसाला ९५ सुद्धा पुरे. वजन एका स्कीला १४०० ते १७०० ग्रॅम. त्याहून हलकी घ्यायचा मोह होतो, कारण पावलोनिया लाकूड आणि कार्बन फायबर चढताना स्वर्ग वाटतात. पण कार्बन कडक असतो, थरथर शोषत नाही. पावडर संपून वाऱ्याने कडक केलेला पट्टा लागला की अशी स्की पायाखाली भरकटते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडासारखं ओलसर, जड हिम नेहमीचं असेल, तर शंभर-दोनशे ग्रॅम जास्त चालतील. जपानमधल्या होक्काइदोच्या हलक्या हिमात टोकाकडे जास्त लक्ष द्या.

हिमस्खलनाला यातला कुठलाच आकडा कळत नाही. पावडरला मजेचा वाटणारा ३० ते ४५ अंशांचा उतारच त्यालाही आवडतो. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हा खर्च स्कीच्या आधीचा.

स्की ठरली की बाइंडिंगचा ब्रेक (बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ न देणारे दोन दांडे) त्याच रुंदीचा घ्या. अरुंद ब्रेक कडेवर अडकून बसतो. स्किनही बाह्याकाराप्रमाणे कापून घ्या: दोन्ही बाजूंनी धातूची कड पूर्ण उघडी राहील इतकी, दोनेक मिलिमीटर आत. कड झाकली गेली तर त्या काचेसारख्या मागावर ती रुतणार नाही.