टोकदार गोळी हरणासाठी बनलीच नव्हती

आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो, म्हणून आधीच सांगतो, इथे गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाणारा तो पुढचा धातूचा तुकडा एवढंच, आणि केस (धातूची पुंगळी), प्रायमर (केसच्या बुडातली, ठोका बसला की दारू पेटवणारी टोपी), दारू, गोळी हे सगळं मिळून काडतूस. हॅन्डलोडिंग करणारा माणूस हे चारही सुटे आणतो आणि घरी बसून जोडतो. गोळी निवडायची वेळ आली की राउंड नोज (गोल टोकाची), फ्लॅट नोज (चपट्या टोकाची), स्पिट्झर (टोकदार), बोटटेल (मागे निमुळती), प्लास्टिकच्या टोकाची असं सगळं समोर येतं आणि नवीन माणूस हमखास सगळ्यात अणकुचीदार असेल ती उचलतो. पण हे आकार आले कुठून ते मागे जाऊन बघितलं ना, तर कळतं की बाहेरचा आकार बहुतेक वेळा सैन्याने ठरवला नाहीतर मॅगझिनने, म्हणजे रायफलमधल्या काडतुसं भरून ठेवायच्या कप्प्याने, हरणासाठी म्हणून जे काम झालं ते जवळपास सगळं गोळीच्या आत झालंय.

सुरुवातीला आकाराचा प्रश्नच नव्हता. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, तो गोल गोळा तेलकट कापडाच्या तुकड्यात धरून नळीच्या तोंडातून ठासायचा, म्हणजे त्या काळी प्रत्येक शिकारी हॅन्डलोडरच होता म्हणा. गोल गोळ्याची अडचण अशी की एकदा व्यास ठरला की वजनही ठरलं, जड गोळी हवी तर जाड नळी घ्या, आणि वर हवेत त्याचा वेग पटकन मरतो. लांबट गोळी केली की त्याच व्यासात जास्त वजन बसतं. फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिये याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली शंकूसारखी गोळी आणली, ती नळीत सहज उतरायची आणि बार उडाला की दाबाने बूड फुगून रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत घट्ट बसायचं. अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी हीच वापरली.

मग १८८४ मध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू काढली आणि सगळं चित्रच पालटलं. वेग इतका वाढला की उघडं शिसं नळीतच खरवडून चिकटायला लागलं. त्याला उपाय म्हणजे शिशावर तांब्याचं जॅकेट, ते स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्येच करून ठेवलं होतं. जॅकेटने नळी वाचली पण गोळी आता आदळल्यावर पसरून फुलेना, बारीक भोक पाडून सरळ पलीकडे. यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकावरचं जॅकेट कमी करून आतलं शिसं उघडं ठेवलं, तीच ती दमदम बुलेट, जिच्यावरून इतका गदारोळ झाला की १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आणली. शिकारीत नियम बरोब्बर उलटा आहे आणि तो उलटाच असायला हवा असं माझं ठाम मत आहे. फुललेली गोळी हरणाला पटकन पाडते, न फुललेली गोळी घेऊन जखमी जनावर कुठेतरी लांब जाऊन तडफडत मरतं. इंग्लंड-वेल्सचा १९९१ चा डिअर अॅक्ट तर सॉफ्ट-नोज (मऊ टोकाची) नाहीतर हॉलो-नोज (पोकळ टोकाची) गोळीच मागतो, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मोठ्या जनावरासाठी फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत जॅकेट असलेली गोळी, चालत नाही.

आता टोकाची गोष्ट. टोकदार गोळी म्हणजे स्पिट्झर, हा शब्दच जर्मनमधल्या टोकदार या अर्थाच्या शब्दावरून आला. फ्रेंचांनी १८९८ मध्ये बाल-डी नावाची गोळी घेतली, पुढे टोकदार, मागे होडीसारखी निमुळती आणि पूर्ण पितळी. आणि गंमत म्हणजे त्यांच्या लेबेल रायफलचं मॅगझिन नळीचं होतं, म्हणजे काडतुसं एकामागे एक, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर, आणि बुडात मधोमध असतो प्रायमर! झटका बसला की मॅगझिनमध्येच बार. म्हणून केसच्या बुडाला प्रायमरभोवती एक गोल खाच दिली, मागच्या गोळीचं टोक त्या खाचेत अडकून राहावं म्हणून. जर्मनीने पुढच्या काही वर्षांत १५४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टोकदार गोळी आणली, आणि ते बघून अमेरिकेनेही १९०३ चं २२० ग्रेनच्या राउंड नोजवालं काडतूस सोडून १९०६ मध्ये १५० ग्रेनची स्पिट्झर घेतली, वेग सेकंदाला साधारण २३०० फुटांवरून २७०० फुटांवर गेला. हेच ते थर्टी-ऑट-सिक्स, ज्याने आजही अमेरिकेत हरणं मारली जातात. पण ती गोळी बनली लांबवरच्या सैनिकांसाठी, शंभर यार्डांवरच्या व्हाइटटेल हरणाचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

हरणवाल्यांची खरी लाडकी होती ती १८९५ ची थर्टी-थर्टी, विंचेस्टर कंपनीच्या लिव्हर रायफलमधली (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची ती). तिचंही मॅगझिन नळीचं, म्हणून गोळी चपट्या टोकाची, आणि ती खाच वगैरे काही भानगड नाही. हा नियम आजही तसाच आहे आणि हॅन्डलोडरने पहिल्या दिवशी शिकावा असा आहे, नळीच्या मॅगझिनमध्ये कडक टोकदार गोळी कधीही नाही. यातून सुटका झाली ती थेट या शतकात, हॉर्नडी या अमेरिकन कंपनीने दाबलं की दबणारं मऊ रबरी टोक आणलं तेव्हा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोळ्या मिळेनात आणि त्या टंचाईतूनच आजच्या बऱ्याच कंपन्या उभ्या राहिल्या. व्हर्नन स्पीअर आणि फ्रेड हंटिंग्टन ही मंडळी उडालेल्या पॉइंट टू-टू काडतुसांच्या रिकाम्या केस दाबून त्यांची जॅकेट बनवायची, हंटिंग्टनच्या त्या साच्यांवरूनच त्याच्या आरसीबीएस या हॅन्डलोडिंगची अवजारं बनवणाऱ्या कंपनीचं नाव पडलं. जॉइस हॉर्नडीने नेब्रास्कात धंदा सुरू केला तो १५० ग्रेनच्या टोकदार गोळीने. पण माझ्या मते या सगळ्यात मोठं काम जॉन नॉसलरचं. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत त्याच्या गोळ्या खांद्यावर आपटून फुटल्या, आत गेल्याच नाहीत, कारण वेग वाढला होता आणि जॅकेट जुन्याच विचाराचं होतं. त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली, पुढचं शिसं फुलणार, मागचं शाबूत राहून खोल जाणार. ती पार्टिशन १९४८ पासून विकायला आली. बाहेरून बघाल तर साधी टोकदार गोळी, सगळी करामत आत.

मग आकाराने फरक पडतच नाही का? पडतो, अंतराप्रमाणे. एकाच कंपनीच्या ३० कॅलिबर १५० ग्रेनच्या राउंड नोजचा बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा, जास्त तेवढा चांगला) ०.१९ च्या आसपास आणि टोकदारचा ०.३४ च्या आसपास, जवळपास दुप्पट, तरी शंभर यार्डांवर तो कळतसुद्धा नाही, तीनशेवर मात्र राउंड नोज चांगलीच खाली जाते आणि वेगही गमावून बसते. बोटटेलचा फायदा त्याच्याही पुढे. राउंड नोज झुडपांतून सरळ जाते ही जुनी समजूत तर सोडूनच द्यावी, फांदीला लागली की कुठल्याही आकाराचा भरवसा नाही.

प्लास्टिकचं टोक नॉसलरने १९८४ मध्ये लोकप्रिय केलं, शिशाचं मऊ टोक मॅगझिनमध्ये झटक्याने चेपतं ते यात होत नाही आणि आदळल्यावर हे टोक मागे घुसून गोळी फुलवतं. पुढे हॉर्नडीने उडत्या गोळीचा वेग मोजणारं डॉप्लर रडार लावून बघितलं तर काय, लांबच्या उड्डाणात हवेच्या घर्षणाने ते टोकच वितळत होतं! २०१५ ची उष्णता सोसणाऱ्या टोकाची गोळी त्यातून आली.

शेवटचा मोठा बदल शिशाचाच. रँडी ब्रूक्सच्या बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये अख्ख्या तांब्याची एक्स गोळी आणली, टोकाला पोकळी, आदळली की चार पाकळ्या. तेव्हा मुद्दा खोल जाण्याचा होता, नंतर गिधाडांचा झाला, शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन काँडोर मरतात म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण जोडणाऱ्याने एक लक्षात ठेवायचं, तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, केसमध्ये जास्त आत बसते, दारूची जागा खाते आणि दाब बदलतो, म्हणून १५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा लोड (दारूचं माप) १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला तसाच लावायचा नाही, त्या गोळीचा छापील डेटा बघायचा आणि खालच्या मापापासून सुरुवात करायची.