चार्जर एवढा हलका कसा झाला?

घरात जुन्या रेडिओचा किंवा टेपचा अडॅप्टर पडला असेल तर हातात घेऊन बघा, वीट उचलल्यासारखं वाटतं, आणि देतो काय तर 6 नाहीतर 9 व्होल्ट. मोबाईलचा चार्जर त्याच्याहून जास्त पॉवर देतो आणि खिशात मावतो.

जुन्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो. तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, एकीतल्या विजेने चुंबकत्व तयार होतं आणि ते बदलत राहिलं की दुसरीत वीज येते. आपल्या घरातली वीज, म्हणजे एसी (दिशा बदलत राहणारी वीज), सेकंदाला 50 वेळाच मागेपुढे होते, म्हणजे खेपा कमी, मग दर खेपेला हंडाभर नेणं आलं, म्हणून एवढं लोखंड.

नव्यात खेपाच वाढवल्यात. आधी चार डायोड एसी एका दिशेची करतात, मग कपॅसिटर (दुकानदार त्याला कंडेन्सर म्हणतो) ती साठवून सपाट करतो, आणि तिथे जवळपास 325 व्होल्ट असतात, हो, 230 पेक्षा जास्त, कारण 230 हा एक प्रकारचा सरासरी आकडा, लाटेचं टोक वर जातं. प्लग लावताना कधी चट्कन ठिणगी उडते ना, तो हा रिकामा कपॅसिटर एकदम भरताना. मग मॉसफेट नावाचा स्विच हीच वीज सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा चालू-बंद करतो. आता हंड्याऐवजी चहाचा कप पुरतो, म्हणून फेराइटचा (सिरॅमिकसारखा चुंबकी पदार्थ) एवढुसा ट्रान्सफॉर्मर चालतो. त्या जुन्या लोखंडी पट्ट्या या स्पीडला नुसत्या तापल्या असत्या.

मला सगळ्यात भारी वाटतो तो ऑप्टोकपलर. बाहेर 5 व्होल्टच जातायत का हे आतल्या स्विचला कळायला तर हवं, पण तार जोडली तर मेनची वीज थेट मोबाईलपर्यंत यायची. म्हणून एका छोट्या काळ्या डबीत एक एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, निरोप उजेडातून जातो! एकदम स्वस्त चार्जरमध्ये अनेकदा नेमकी मेनची बाजू आणि मोबाईलची बाजू यांच्यामधली सुरक्षित फटच कमी ठेवलेली असते, तिथे पैसे वाचवू नका.

आणि लॅपटॉपचा चार्जर प्लगमधून काढल्यावरही त्याचा लाईट काही सेकंद तसाच राहतो, ती कपॅसिटरमध्ये उरलेली वीज, म्हणून नुकताच काढलेला चार्जर हौसेने उघडायला जाऊ नका.