मानवी तस्करीविरोधी लोकप्रयत्न : मुंबई आणि नेपाळ

माणसाला फसवून, पळवून, धाकदपटशा दाखवून किंवा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन शोषणासाठी विकणे, विकत घेणे, दुसरीकडे नेणे किंवा डांबून ठेवणे म्हणजे मानवी तस्करी. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार तिला मनाई आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा (बोलीभाषेत ‘पिटा’) आणि २०१३ मध्ये व्यापक करण्यात आलेले भारतीय दंडसंहितेचे कलम ३७० (आता भारतीय न्याय संहितेचे कलम १४३) हे तिच्याविरुद्धचे प्रमुख कायदे होत. मात्र कायदा बहुधा धाडीच्या दिवशी दिसतो. मुलगी गावातून नाहीशी होण्यापूर्वी आणि तिची सुटका झाल्यानंतर जे करावे लागते, ते मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी, वस्तीतल्या स्त्रियांनी आणि या व्यापारातून बाहेर पडलेल्यांनी केले आहे. या कामाची मुंबई आणि नेपाळचे डोंगरी जिल्हे यांना जोडणारी परंपरा विशेष महत्त्वाची आहे.

सिंधुपाल्चोक, नुवाकोट यांसारख्या जिल्ह्यांतून, विशेषतः तामाङ समाजातून, मुली मुंबईच्या कामाठीपुरा आणि फॉकलंड रोड (आताचा पठ्ठे बापूराव मार्ग) येथील कुंटणखान्यांत पोहोचवल्या जात. १९५० च्या भारत–नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना सीमा ओलांडण्यासाठी पारपत्र लागत नाही. कष्टकऱ्यांसाठी हीच सोय जगण्याचा आधार आहे आणि दलालांनीही तिचाच उपयोग करून घेतला. दलाल अनेकदा परका नसे; तो नात्यातला किंवा शेजारच्या गावातला असे आणि काठमांडूच्या गालिचा कारखान्यात नोकरी, शहरात घरकाम किंवा लग्न असे काही तरी विश्वास बसेल असे सांगत असे. मुंबईत पोहोचल्यावर घरवाली (कुंटणखान्याची मालकीण) खरेदीची रक्कम मुलीच्याच नावावर कर्ज म्हणून टाकी आणि खाणे, कपडे, औषधपाणी यांचा खर्च त्यात मिळवत गेल्याने ते कर्ज वर्षानुवर्षे फिटत नसे.

१९९६ चे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. अल्पवयीन मुलींच्या शोषणाविषयीच्या वृत्तपत्रातील मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी मोठ्या धाडी घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रियांना बाहेर काढले आणि त्यांना सरकारी निवासगृहांत ठेवले. त्यांपैकी सुमारे दोनशे नेपाळच्या होत्या. त्यांना परत नेण्यात नेपाळ सरकारने चालढकल केली. त्या खरोखर नेपाळी आहेत का, असा प्रश्न काढला गेला आणि त्यांच्यामुळे देशात एचआयव्ही पसरेल अशी भीती उघडपणे व्यक्त केली गेली. सुटका झालेल्या मुली महिनोन्‌महिने कुलपाआड राहिल्या आणि त्यांना आपल्याच देशाने नाकारले, ही या प्रकरणातील सर्वांत कठोर वस्तुस्थिती आहे. अखेर नेपाळमधील काही स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन जुलै १९९६ मध्ये १२८ जणींना मायदेशी नेले.

परतलेल्यांपैकी पंधरा जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभारली. तस्करीतून बाहेर आलेल्या स्त्रियांनी स्वतः स्थापन केलेली आणि स्वतः चालवलेली ही जगातील अगदी आरंभीची संघटना होय. तिच्या नोंदणीला मात्र २००० साल उजाडावे लागले. संस्थेच्या नोंदणीसाठी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र लागे, ते मिळवण्यासाठी वडिलांनी किंवा नवऱ्याने पुढे यावे लागे आणि घरच्यांनी तोंड फिरवलेल्या मुलीकडे या दोहोंपैकी कोणीच नसे. प्रमाणपत्र नसल्यास जमीन, बँकेतील खाते, रीतसर नोकरी यांतले काहीच तिला मिळत नसे. म्हणूनच नागरिकत्वाचा प्रश्न पुनर्वसनाच्या मुळाशी आहे, असे या स्त्रियांनी सुरुवातीपासून मांडले. संस्थापकांपैकी चारिमाया तामाङ यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध नेपाळमध्ये फिर्याद दिली आणि १९९७ मध्ये आठ आरोपी दोषी ठरले. ज्या समाजात मुलीने गप्प राहावे अशीच अपेक्षा होती, तिथे तिने नावानिशी न्यायालयात उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. शक्ती समूहाने निवारागृहे, कायदेशीर मदत, व्यवसाय प्रशिक्षण आणि गावोगावच्या किशोरींचे गट अशी कामे उभी केली. २०१३ मध्ये या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी स्थापन केलेल्या ‘माइती नेपाल’ने सीमेवर पहारा ठेवण्याची पद्धत रूढ केली. काकडभिट्टा, वीरगंज, भैरहवा, नेपालगंज यांसारख्या नाक्यांवर पोलिसांजवळच संस्थेच्या कार्यकर्त्या उभ्या राहतात. त्यांच्यांत स्वतः या व्यापारातून बाहेर आलेल्याही असतात. संशय आला की मुलगी आणि सोबतचा माणूस यांना बाजूला घेऊन वेगवेगळे विचारले जाते : गाव कोणते, नाते काय, उतरणार कुठे, तिथे कोण आहे. उत्तरे जुळली नाहीत की मुलीला जवळच्या निवाऱ्यात नेऊन घरच्यांशी संपर्क साधला जातो. घाबरलेली मुलगी आणि पढवून आणलेली मुलगी यांतला फरक त्या वाटेने गेलेल्या स्त्रीला लवकर कळतो, हे या पद्धतीचे बळ आहे. पण स्वतःच्या मर्जीने परदेशी कामाला निघालेल्या प्रौढ स्त्रीलाही यात अडवले जाते, ही टीका रास्त आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सिंधुपाल्चोकची अतोनात हानी झाली. त्यानंतर बेघर कुटुंबांतील मुले दलालांच्या हाती लागतील या भीतीने नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर काही काळ निर्बंध घातले. आता आखाती देशांतील घरकामाच्या नावाखालीही तस्करी होते, त्यामुळे केवळ सीमेवरील नाके राखून भागत नाही.

मुंबईतील कामाची दिशा वेगळी होती. कामाठीपुऱ्यात जन्मलेल्या मुलींनी आईच्याच धंद्यात ओढले जाऊ नये, या हेतूने प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेची स्थापना केली. अंधार पडू लागला की गिऱ्हाईक येई आणि मूल खाटेखाली, जिन्यात नाही तर रस्त्यावर जाई. नेमक्या त्याच वेळी ते दलालांच्या नजरेला पडे. यावर उपाय म्हणून संस्थेने रात्रीचे संगोपन केंद्र सुरू केले. पाळणाघरे दिवसा चालतात. हे केंद्र मात्र संध्याकाळी उघडते आणि सकाळी बंद होते. मुले तिथे जेवतात, अभ्यास करतात, झोपतात आणि सकाळी आवरून शाळेत जातात. महापालिकेच्या शाळेच्या खोल्या रात्री रिकाम्याच असतात, त्यांचा यासाठी उपयोग झाला. मूल आईपासून तोडले जात नसल्यामुळे आयांचा विश्वास बसला, आणि हे काम त्यांच्या विश्वासाविना एक आठवडाही टिकले नसते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहालय’चा आरंभही लालबत्ती भागातील मुलांपासूनच झाला.

पिटा कायद्यात नागरिकांसाठी काही जागा राखलेल्या आहेत, त्यांची माहिती मात्र फार थोड्यांना असते. कलम १५ नुसार झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना हजर राहण्यास सांगावे लागते आणि साक्षीदारांत किमान एक स्त्री असावी लागते. सुटका झालेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसाने किंवा मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या स्त्री-सदस्याच्या उपस्थितीत करायची असते. कलम १७ खाली तिला निवासगृहात ठेवण्याविषयी निर्णय घेताना दंडाधिकाऱ्याला पाच प्रतिष्ठित व्यक्तींच्या मंडळाचे साहाय्य घेता येते आणि शक्यतो त्यांत तीन स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. संस्थांनी या तरतुदींचा आग्रह धरला तेव्हाच त्या कागदावरून प्रत्यक्षात उतरल्या. ‘प्रेरणा’च्या याचिकेवर २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आरोपी दलालांच्या वकिलाने सुटका झालेल्या मुलींचीही वकिली करू नये आणि अल्पवयीन मुलीला बालकल्याण समितीपुढेच हजर करावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यापूर्वी त्याच टोळीचा वकील मुलीला सोडवून पुन्हा कुंटणखान्यात पोहोचवण्याची वाट मोकळी करू शकत असे.

धाड घालून सुटका करण्याच्या मार्गाला याच क्षेत्रातून विरोधही झाला आहे. सांगलीची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ (व्हॅम्प) आणि तिच्या उभारणीत वाटा असलेली ‘संग्राम’ संस्था यांचे म्हणणे असे की, सरसकट धाडीत स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे घर, बचत आणि मुले एका रात्रीत हिरावली जातात आणि पोलिसांच्या मारहाणीला निमित्त मिळते. अल्पवयीन किंवा जबरदस्तीने आणलेली मुलगी वस्तीत आली तर ते सर्वांत आधी वस्तीतल्या बायकांनाच कळते, म्हणून तिला शोधून बाहेर काढण्याचे काम त्यांच्या समित्यांकडे असावे, अशी त्यांची भूमिका आहे. कोलकात्याच्या सोनागाछी या लालबत्ती भागात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या दरबार महिला समन्वय समितीने १९९७ पासून अशीच स्वयंनियमन मंडळे चालवली. दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की, कर्ज आणि धाक यांखाली दिलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही. हा आक्षेपही डावलता येण्याजोगा नाही. मात्र प्रौढ स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबणे हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर प्रकरणी दिलेल्या निर्देशांत, धाडीत स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना अटक किंवा त्रास होऊ नये, असे सांगितले. पिटाखालील निवासगृहांची पाहणी करून तिथे इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या सुटकेची प्रकरणे ठराविक मुदतीत निकाली काढावीत, असेही न्यायालयाने राज्यांना बजावले.